श्रमदानाला बोलावता, तसं निर्णयालाही बोलवा

प्रति,
वस्तीलगतची वनं ज्यांच्या ताब्यात आहेत ते वनखात्यांचे अधिकारी, तसेच नगरपालिका व पंचायतींचे पदाधिकारी यांस

विषय : लोकांच्या फिरण्या-खेळण्याच्या वनाचा कारभार तिथल्या लोकांकडे सोपवण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

एका पडलेल्या झाडापासून सुरुवात करते. घराजवळच्या ज्या वनात मी गेली बारा वर्षं दर रविवारी काम करते, तिथे मुख्य वाटेच्या दुसऱ्या वळणावर एक जुनं झाड वादळात उन्मळून पडलं. खोड वाटेच्या कडेला आडवं, मुळांचा गड्डा हवेत. आम्ही काम करणाऱ्या मंडळींनी त्याची नीट पाहणी केली, वाटेवर आलेली एक फांदी कापली आणि बाकीचं झाड तसंच राहू दिलं. पहिल्या वर्षी साल सुटली. दुसऱ्या वर्षी सालीखाली भुंग्यांच्या अळ्यांनी कोरलेली नक्षी दिसू लागली आणि पाऊस पडून गेला की खोडाच्या ओलसर बाजूला पंख्यासारखी बुरशी धरायची. तिसऱ्या वर्षी सुतारपक्षी यायला लागला. मुलांना ते खोड कधी पूल होतं, कधी घोडा, कधी जहाज. गुडघ्याने अधू झालेले एक आजोबा रोज बरोबर तिथपर्यंत चालायचे, खोडाला टेकून पाच-दहा मिनिटं बसायचे आणि परत फिरायचे.

एका सोमवारी खोड तिथे नव्हतं. जमिनीवर करवतीचा भुसा होता. पंधरा दिवसांत जवळच सिमेंटचा बाक आला. बाक बसवणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, याबद्दल मला शंका नाही. वनात बसायला जागा हवी असं कुणालातरी वाटलं, ते मंजूर झालं, ठेकेदाराने काम पूर्ण केलं. त्या वळणावर लोक आधीपासून कुठे बसतात, हे विचारायला मात्र कुणी आलं नाही. खोड सावलीत होतं. बाक वाटेच्या मोकळ्या बाजूला आहे आणि सकाळी नऊनंतर तो तापतो. आजोबा आता पहिल्या वळणावरूनच परततात.

त्याच सुमारास आम्हाला लोकसहभागाबद्दल प्रशस्तिपत्र मिळालं. ते मी जपून ठेवलंय, आणि मिळालं त्या दिवशी मला खरोखर आनंद झाला होता. पण खोडाच्या जागी पडलेला भुसा पाहिल्यापासून ‘लोकसहभाग’ हा शब्द माझ्या मनात सलतोय. १९६९ साली शेरी अर्नस्टीन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती. तळाच्या दोन पायऱ्यांवर लोकांना नुसतं वळवून घेतलं जातं, समजूत घातली जाते. मधल्या तीन पायऱ्यांवर माहिती देतात, मत विचारतात, एखादी मागणी मान्य करून शांत करतात. वरच्या तिन्हींवर भागीदारी येते, मग सोपवलेले अधिकार, आणि सगळ्यात वर लोकांचा स्वतःचा कारभार. आम्ही रोपं लावतो, तण काढतो, प्लास्टिक गोळा करतो, आग लागली तर फांद्यांनी झोडपून ती विझवायला धावतो. श्रम बघितले तर आम्ही शिडीच्या टोकाला आहोत. निर्णयाच्या बाबतीत मधल्या पायरीपर्यंतही आमची मजल गेलेली नाही, कारण त्या खोडाबद्दल आम्हाला साधी माहितीही मिळाली नव्हती.

म्हणून या पत्रातली मागणी आधीच स्पष्ट लिहिते. आम्हाला, म्हणजे ठिकठिकाणी आपापलं वन सांभाळणाऱ्या माणसांना, वनाची मालकी नको आहे. कारभार हवा आहे. वाटा कुठून जाव्यात, कुठला भाग माणसांपासून राखून ठेवावा, कुठलं झाड ठेवावं, फिरण्याचे नियम काय असावेत, हे ठरवण्याचा अधिकार लेखी हवा. आलेल्या योजनेला कारणं देऊन ‘नको’ म्हणण्याचा अधिकारही त्यातच हवा. आणि हे सगळं झाडांच्या वयाला शोभेल इतक्या मुदतीसाठी.

वाटांबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या अनुभवात फिरण्याच्या वनातले बहुतेक प्रश्न शेवटी वाटेवर येऊन पोहोचतात.

माणसाचं पाऊल हलकं वाटतं. पण तेच पाऊल हजारदा एकाच जागी पडलं की मातीतल्या हवेच्या पोकळ्या दाबल्या जातात. पाणी मुरायचं थांबतं आणि वरून वाहू लागतं. झाडाची बारीक, अन्नपाणी शोषणारी मुळं बहुतांशी वरच्या फूटभर मातीतच पसरलेली असतात, त्यांचा श्वास कोंडतो. वाटेवर डबकं साचलं की चालणारा कडेने जातो. त्याच्यामागचा त्याहून कडेने. एका पावसाळ्यात दोन हात रुंदीची वाट मोटार जाईल एवढी झालेली मी पाहिली आहे, आणि तिच्या दोन्ही कडांची झाडं पुढच्या तीन-चार वर्षांत शेंड्याकडून वाळत गेलेलीही पाहिली आहेत.

तुडवण्याने होणाऱ्या नुकसानीवर जगात खूप अभ्यास झाला आहे. त्यातला एक निष्कर्ष वनाचा आराखडा करणाऱ्या प्रत्येकाने डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे : बहुतेक नुकसान पहिल्या थोड्या वापरातच होऊन जातं. कुणी न तुडवलेल्या जागेतून थोडी माणसं गेली तरी गवत, शेवाळ, कोवळी रोपं चटकन जातात. तिथूनच पुढे कितीही माणसं गेली तरी नुकसान त्या प्रमाणात वाढत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की लोकांना वनभर पांगवणं हा सगळ्यात महागात पडणारा उपाय आहे. वाटा मोजक्याच असाव्यात, पण इतक्या चांगल्या असाव्यात की चोरवाट काढायचा मोहच होऊ नये. आता माणसाला मोह कुठे होतो, हे कोण सांगू शकेल? जिथून ओढ्याचं पाणी दिसतं पण वाट तिथे जात नाही, जिथे वाट उगाचच लांब वळसा घेते, जिथे डबकं साचतं, अशा जागी. रोज चालणाऱ्याला या जागा तळहातावरच्या रेषांसारख्या पाठ असतात.

आमच्या वनात एका चढावर सरळ वर जाणाऱ्या सिमेंटच्या पायऱ्या बांधल्या होत्या. उताराला आडव्या जाणाऱ्या वाटेचा चढ त्या उताराच्या निम्म्याहून जास्त असू नये, हा वाटा बांधणाऱ्यांमधला जुना आडाखा आहे. त्याहून चढी झाली की पाणी वाट ओलांडून खाली जात नाही, वाटेनेच धावतं. पायऱ्या तर उताराच्या तोंडावरच होत्या. दोन पावसाळ्यांत पाण्याने त्यांच्या खालची माती ओढून नेली, पायऱ्यांखाली हात जाईल एवढी पोकळी झाली, आणि घसरण्याच्या भीतीने लोक बाजूच्या मातीतून चढू लागले. त्या मातीची घळ झाली.

ते दुरुस्त करायला आम्ही भर पावसात गेलो. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात लाकडी खुंट्या. पाणी कुठून येतंय, कुठे वेग घेतंय आणि कुठे वाट सोडून बाजूला पडायला बघतंय, हे दोन तास नुसतं पाहत राहिलो, आणि जिथे ते बाजूला पडायला बघत होतं तिथे खुंट्या ठोकल्या. पाऊस उघडल्यावर त्या खुंट्यांच्या जागी लांबट दगड वाटेला तिरपे रोवले, त्यांच्या वरच्या अंगाला उथळ चर काढला. नवी वाट उताराला आडवी, लांब वळण घेऊन नेली, तिची बाहेरची कड किंचित खाली ठेवली. घळीत वाळक्या फांद्या आडव्या टाकून वर पालापाचोळा भरला. पुढच्या वर्षी त्या फांद्यांच्या आडोशाला आपोआप रोपं उगवली होती. त्यातलं एकही आम्ही लावलेलं नव्हतं.

कार्यालयातून हे दिसलं नसतं. यात कार्यालयाला दोष देण्यासारखं काही नाही. मुसळधार पाऊस चालू असताना आपण त्या चढावर उभं असावं अशी अपेक्षा कुणी ठेवूच नये. शेजारी राहणारा माणूस तिथे दहा मिनिटांत पोहोचतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बघतो. माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याला पाण्याची धार दिसते, त्याच्या शब्दाला वाटेच्या नकाशावर किंमत असावी.

आता नियमांकडे येते. आमच्याकडे वनाच्या तोंडाशी ‘सायकलींना सक्त मनाई’ असा फलक कितीतरी वर्षं होता. सायकली येतच होत्या. वळणावर वेगात आलेल्या सायकलीने एका बाईंना धडक दिली तेव्हा फिरणारे आणि सायकलवाले समोरासमोर उभे ठाकले. मग आम्ही दोघांनाही बसवलं. एकदा नव्हे, पाच संध्याकाळी. पहिल्या दोन्ही वेळा नुसतं भांडण झालं, तिसऱ्या वेळेला एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने विचारलं, “आम्ही मग जायचं कुठे?” तिथून बोलणं सुरू झालं. शेवटी असं ठरलं : सायकली बाहेरच्या फेरीवर, एकाच दिशेने; पाऊस पडून गेल्यावर दोन दिवस कुणीही सायकल आणायची नाही, कारण ओल्या वाटेवर चाकाचा चर पडतो आणि त्याचाच ओहोळ होतो; बाहेरच्या फेरीची दुरुस्ती सायकलवाल्यांकडे. पहिल्यांदा चुकणाऱ्याला समजवायचं, दुसऱ्यांदा चुकला तर एक रविवार वाटेवर काम, तिसऱ्यांदा चुकला तर महिनाभर सायकल बंद. ती महिनाभराची वेळ आजवर दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा तो निरोप सायकलवाल्यांनीच त्यांच्या दोस्तांना दिला.

आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण हे सगळं आधी कुणीतरी शास्त्रशुद्ध मांडून ठेवलेलं आहे. सामाईक कुरण सगळ्यांनी ओरबाडून संपणारच, असं गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एका गाजलेल्या निबंधात लिहिलं आणि पुढची कित्येक वर्षं सरकारी धोरणं त्याच धाकात आखली गेली. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरातली जंगलं, कुरणं, पाटबंधारे, मासेमारीची क्षेत्रं प्रत्यक्ष तपासून दाखवून दिलं की लोक शतकानुशतकं सामाईक गोष्टी न संपवता सांभाळत आले आहेत, आणि ते कुठे जमतं, कुठे बिघडतं याच्या अटी त्यांनी १९९० साली मांडल्या. हद्द स्पष्ट हवी. नियम त्या जागेला साजेसे हवेत आणि ज्यांना ते पाळायचे आहेत त्यांचा ते करण्यात हात हवा. राखण करणारा लोकांना बांधील हवा. शिक्षा हलकीपासून चढती हवी. भांडण मिटवायची जवळची, स्वस्त जागा हवी. आणि एक अट थेट आपल्यासाठी आहे : लोकांनी आपले नियम आपण करण्याचा हक्क वरच्या सत्तेने मान्य केलेला हवा. या कामासाठी २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. भारतीय अभ्यासक हरिणी नागेंद्र यांच्याबरोबर २००६ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या लेखात वनांबद्दल नेमकं हेच म्हटलं आहे, की नियम ठरवण्यात खरोखर सहभाग असला तर लोक ते पाळतात आणि दुसरे पाळतात की नाही यावरही लक्ष ठेवतात. वरून लादलेल्या नियमांच्या बाबतीत हे फार कमी घडतं.

फलक आम्ही काढून टाकला. त्या खांबाला आता वाटांचा हाताने काढलेला नकाशा आहे.

‘फिरण्यासाठीचं वन’ ही कल्पना नवी, शहरी चोचल्यांची आहे असं काही अधिकाऱ्यांशी बोलताना जाणवतं. म्हणून एक जुनी गोष्ट सांगते. लंडनच्या ईशान्येला एपिंग नावाचं सुमारे २,४०० हेक्टरांचं जंगल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला जमीनदारांनी तिथे कुंपणं घालायला सुरुवात केली. आसपासच्या लोकांचा तिथे गुरं चारण्याचा आणि सरपणाच्या फांद्या तोडण्याचा पिढीजात हक्क होता. लाउटन गावच्या विलिंगेल घराण्यातली माणसं तो हक्क बजावल्याबद्दल तुरुंगात गेली. प्रकरण कोर्टात गेलं, लोक पेटून उठले, आणि १८७८ साली कायदा झाला : हे जंगल कायम विनाकुंपण, विनाबांधकाम राहील आणि जनतेच्या विरंगुळ्यासाठी, आनंदासाठी राखलं जाईल. जनतेच्या आनंदासाठी, हे शब्द जवळपास दीडशे वर्षांपूर्वी कायद्यात आले. कारभार लंडन शहराच्या महामंडळाकडे गेला, पण त्यांच्या समितीत चार जण जंगलावर हक्क असलेल्या स्थानिकांनी दर सात वर्षांनी निवडून द्यायचे, अशी तरतूदही त्याच कायद्यात झाली.

या गोष्टीचा दुसरा भागही लपवू नये. फांद्या तोडण्याचा लोकांचा हक्क या कायद्याने संपला. भरपाईच्या पैशातून लाउटनमध्ये लोकांसाठी एक सभागृह उभं राहिलं, तरी ज्यांची चूल त्या फांद्यांवर पेटत होती त्यांच्या हातून ते जंगल गेलंच. वन फिरणाऱ्यांचं झालं की सरपण वेचणारे चोर ठरतात, हा धोका तेव्हा होता आणि आजही आहे. त्याबद्दल पुढे लिहितेच.

आपल्या उपखंडात लोकांच्या हातात वन देण्याचा अनुभव मुख्यतः पोटापाण्याच्या जंगलांचा आहे. कुमाऊँमध्ये सरकारने जंगलं राखीव केली तेव्हा १९२१ साली लोकांनी ती पेटवून दिली. दहा वर्षांनी, १९३१ साली, वनपंचायतीचे नियम आले आणि आज उत्तराखंडात अशा दहा हजारांहून अधिक पंचायती आहेत. ज्यांनी जाळलं तेच राखणदार झाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ म्हणत २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. नेपाळने १९९३ च्या कायद्याने गावोगावच्या गटांकडे वनं सोपवली. असे गट आता बावीस हजारांहून जास्त आहेत. उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या अभ्यासात १९९२ ते २०१६ या काळात नेपाळचं वनाच्छादन २६ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर गेल्याचं दिसलं. माणसं शहरांत आणि परदेशात गेली, शेतं पडीक राहिली, हेही त्यामागे आहे, सगळं श्रेय गटांना देता येणार नाही. पण ज्या माणसांना चूल पेटवायला, गुरं जगवायला जंगल लागतं, त्यांच्या हाती ते सुरक्षित राहू शकतं, तर ज्यांना तिथे फक्त चालायचं, खेळायचं, शांत बसायचं आहे त्यांच्या हाती का राहू नये?

आणि हे चालणं-बसणं क्षुल्लक समजू नका. १९८४ साली रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या ४६ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणारे सरासरीने लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. नुसत्या खिडकीने एवढा फरक पडतो. इंग्लंडमधल्या जवळपास वीस हजार लोकांच्या २०१९ सालच्या अभ्यासात आठवड्याला दोन तास निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत बरी असल्याचं अधिक प्रमाणात सांगितलं. आठवड्याला दोन तास म्हणजे रोजची सतरा-अठरा मिनिटं. ती त्यालाच मिळतात ज्याचं वन घरापासून पायी गाठता येतं.

आपल्या हरकती मला ठाऊक आहेत, बारा वर्षांत बहुतेक ऐकल्या आहेत. सगळ्यात आधी येते ती अपघाताची. ‘फांदी पडून कुणी दगावलं तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त आहे. याच धास्तीपोटी वाटेच्या कडेची सगळी जुनी झाडं छाटली जातात, आणि संध्याकाळी कुलूप लागतं. जर्मनीच्या १९७५ च्या वन कायद्याने यावर सरळ तोडगा काढला : विरंगुळ्यासाठी वनात जायला सर्वांना मुभा आहे आणि जाणारा स्वतःच्या जोखमीवर जातो; जंगलात स्वाभाविक असलेल्या धोक्यांना हे विशेषतः लागू आहे, असं २०१० साली त्यात जोडलं गेलं. असं एक वाक्य नियमात आलं की अधिकाऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरतं. जिथे मुलं खेळतात, लोक बसतात त्या जागांवरच्या झाडांची दरवर्षी जाणकाराकडून तपासणी आणि तिची तारखेसह नोंद, एवढं आम्ही करू शकतो. ते कसं करायचं हे आपल्या वनरक्षकांनी आम्हाला शिकवावं.

दुसरी हरकत मला जास्त गंभीर वाटते : ‘लोक म्हणजे नेमके कोण? चार बोलकी माणसं समिती बळकावतील.’ हो, बळकावतात. आमच्याकडेही पहिली सहा वर्षं सभेला येणारे सगळे सकाळी फिरणारे, निवृत्त, नीट बोलता येणारे होते. त्यांना वन शांत हवं होतं, म्हणून मुलांच्या खेळाला सतत नकार मिळायचा. वाळक्या काटक्या वेचायला येणाऱ्या बायकांना कुणी सभेचा निरोपच दिला नव्हता. चाकाच्या खुर्चीवरून येणारी एक मुलगी फाटकापाशी थांबून आतलं बघायची. आमच्यातल्या कुणालाही वर्षानुवर्षं ते खटकलं नाही, याची मला आजही लाज वाटते. तिने एकदा सभेत येऊन सांगितलं तेव्हा पहिली सपाट, दाबलेल्या मुरमाची वाट झाली. काटक्या वेचणाऱ्या बायका आल्या तेव्हा कळलं की आग सगळ्यात आधी त्यांना दिसते, आणि वाळकी लाकडं कुठली नेली तर चालतील, कुठली ठेवायची, हे त्यांच्याशी बोलून ठरवता येतं.

त्यामुळे कारभार सोपवताना अटी घालाच. नेपाळच्या २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत गटाच्या कार्यकारिणीत निम्म्या महिला असाव्यात असं म्हटलं आहे. बीना अगरवाल यांनी भारतातल्या आणि नेपाळमधल्या वनगटांचा अभ्यास करून दाखवलं आहे की कार्यकारिणीत महिलांचं प्रमाण पुरेसं असलं तर वनाची स्थितीही सुधारते. आमच्या अटी यापुढेही जाव्यात : एक जागा अठरा वर्षांखालच्यांसाठी, एक वनातून काही वेचून नेणाऱ्यांसाठी, सभा दर वेळी त्याच वेळेला नको, हिशेब फाटकावर लावलेला. कुणी बळकावलं तर कारभार काढून घेण्याचा अधिकार आपल्याकडे असू द्या. तो कधी वापरता येईल, हे मात्र आधीच लिहून ठेवा.

मुदतीबद्दल. तीन वर्षांचे करार होतात, फार तर पाच वर्षांचे. बाहेरून आलेलं आणि सगळं व्यापणारं झुडूप, मग ते कुठे घाणेरी असेल, कुठे ऱ्होडोडेंड्रॉनची एखादी जात, एकदा उपटून जात नाही. खोडाचा राहिलेला भाग पुन्हा फुटतो, पक्ष्यांनी किंवा वाऱ्याने आणून टाकलेल्या बिया उगवतात, आणि मोकळी झालेली जमीन स्थानिक झाडांनी धरेपर्यंत दरवर्षी त्याच तुकड्यावर परत जावं लागतं. तीन वर्षांच्या करारात माणूस मोठं काम हातीच घेत नाही. चटकन दिसेल असं, फोटोत येईल असं काम करतो. स्कॉटलंडमध्ये १९८७ साली वूपलॉ इथे तिथल्या पहिल्या लोकवनाची सुरुवात झाली, आणि २००३ च्या कायद्याने तिथल्या समाजांना जमीन विकत घेण्याचा अग्रहक्कच दिला. आम्ही तेवढं मागत नाही. पण आज लावलेल्या रोपाच्या सावलीत त्याच समितीला बसता यावं, एवढी तरी मुदत असावी. पंचवीस वर्षं म्हणा.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. कारभार सोपवणं म्हणजे हात झटकणं नव्हे. पैसे संपले की ‘आता लोकांनीच बघावं’ असं म्हणून वन लोकांच्या गळ्यात टाकलं जातं, आणि दोन वर्षांत दमलेली माणसं गप्प घरी बसतात. हद्दीचं रक्षण, अतिक्रमणावरची कारवाई, मोठ्या आगीत यंत्रणा, मोठं झाड उतरवायला प्रशिक्षित माणसं, पहिल्या काही वर्षांचा ठरलेला निधी, हे आपलंच काम आहे आणि राहील. ते ऑफिसच्या वहीत आमच्या नावावर ढकलू नका. आमच्यातली बहुतेक माणसं नोकरी, घर, आजारपणं सांभाळून येतात. रविवारचे तीन तास देऊ शकतात, पण खटले लढू शकत नाहीत.

आता शेवटचं, आणि हे अगदी तातडीचं आहे. वनाच्या उत्तर टोकाला, ओढ्याच्या वरच्या अंगाला, आणखी एक झाड वठलं आहे. उभंच आहे. वर दोन ढोल्या आहेत, एकीत पोपटांचं येणं-जाणं दिसतं. फिनलंडमध्ये मोजदाद झाली आहे : तिथल्या वनात राहणाऱ्या जातींपैकी २० ते २५ टक्के जाती मेलेल्या लाकडावर अवलंबून आहेत, म्हणजे चार-पाच हजार जाती. आमच्या वनाची मोजदाद कुणी केलेली नाही, पण त्या एका झाडाखाली दहा मिनिटं उभं राहिलं तरी त्याच्यावर कोण कोण राहतं ते दिसतं. वाट त्याच्यापासून साधारण वीस पावलांवर आहे आणि झाडाची उंची त्याहून जास्त आहे. म्हणजे धोका खरा आहे. वाट ओढ्याच्या पलीकडून न्यायची, की झाडाचा वरचा निम्मा भाग उतरवून ढोल्यांपर्यंतचं खोड उभं ठेवायचं, की झाड पाडून तिथेच पडू द्यायचं, यावर आमच्यातही एकमत नाही. सायकलवाल्यांना वाट हलवलेली नको आहे. पक्षी बघणाऱ्यांना झाडाला हात लावलेला नको आहे.

कृपया त्या झाडावर लाल रंगाची फुली मारायला माणूस पाठवण्याआधी सभा बोलवा. झाडाखालीच बोलवा, रविवारी सकाळी सात वाजता, म्हणजे काटक्या वेचणाऱ्या बायकांनाही येता येईल. आपल्या बाजूने झाड ओळखणारा एक वनरक्षक आणि सही करण्याचा अधिकार असलेला एक अधिकारी असावा. सभेत जे ठरेल ते तिथेच लिहून त्यावर दोघांच्या सह्या व्हाव्यात, आमचीही आणि आपलीही. वही आम्ही आणू.

कळावे,

आपली,
वनात दर रविवारी काम करणारी एक शेजारीण